हात, डोळा आणि हरीण

पिस्तुलाने हरणाची शिकार करतात असं सांगितलं, तर आपल्याकडचा माणूस प्रथम हसेल आणि मग म्हणेल, तुमच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली आहे. पिस्तूल असतं फौजदाराच्या कमरेला, नाहीतर हिंदी सिनेमातल्या खलनायकाच्या हातात. शिकार म्हटली की मचाण, हाका आणि खांद्याला टेकवलेली लांब नळीची बंदूक. कोकणातल्या वाचकांना शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक ठाऊक असेल. माझं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे मला माहीत होती ती शाखेच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या रखवालदाराच्या मांडीवरची बारा बोरची दुनळी. तिच्यातून काडतूस उडालेलं मी कधी ऐकलं नाही. वर्षातून एकदा तिला तेलपाणी होई आणि त्याचं व्हाउचर सहीसाठी माझ्या टेबलावर येई, एवढाच माझा शस्त्रविद्येशी संबंध.

अमेरिकेत मात्र रिव्हॉल्व्हरने किंवा एकबारी पिस्तुलाने हरीण मारणं हा चांगला रुजलेला छंद आहे. त्याची परंपरा आहे, त्याचे पुराणपुरुष आहेत आणि अर्थातच त्याचे वादही आहेत. पिस्तुलावर दुर्बीण बसवावी की नाही, बसवली तर कोणती आणि कोणत्या पिस्तुलावर, हा त्यातला एक जुना वाद. लेकीकडे ओहायो राज्यात काही महिने राहिलो तेव्हा तो मला अगदी जवळून ऐकायला मिळाला. ऐकता ऐकता लक्षात आलं की त्यात हत्याराइतकाच म्हातारपणाचा प्रश्न आहे. आणि हरणाचा तर आहेच.

आपल्याकडे यातलं काहीही करता येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्यावर थोडीफार शिकार शिल्लक होती. १९९१च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. चितळ, सांबर, भेकर यांच्याकडे आपण कॅमेऱ्यातूनच पाहायचं, आणि ते योग्यच आहे. पण तिथला हिशेब निराळा. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचं हरीण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांस आणि कातड्याच्या धंद्यापायी जवळजवळ संपलं होतं. १९००च्या सुमारास देशभरात ती पाच लाखही उरली नसावीत, असा अंदाज केला जातो. मग रानातल्या मांसाची विक्री बंद झाली, मोसम आणि मर्यादा ठरल्या. १९३७च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी बाजूला पडू लागला. १९७०च्या दुरुस्तीने पिस्तुलंही त्या करात आली. लांडगे आणि चित्त्यासारखी झेप घेणारे डोंगरी सिंह बहुतेक राज्यांतून आधीच नाहीसे झालेले. परिणाम असा की आज हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. ती मक्याची आणि सोयाबीनची शेतं खातात, परसातल्या बागा खातात आणि रात्री मोटारींच्या पुढे येऊन स्वतः मरतात, माणसांनाही मारतात. माझ्या जावयाच्या गाडीचा एक दिवा असाच गेला. तेव्हा शिकारीचा मोसम हा तिथे सरकारी व्यवस्थेचा भाग आहे. परवाना, त्याआधी शिकारीचं शिक्षण, अंगावर भडक नारिंगी जाकीट, सगळं नियमाने.

आता पिस्तुलाकडे वळू. १९३५ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने .३५७ मॅग्नम नावाचं जोरकस काडतूस आणि त्याचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. कंपनीच्या घराण्यातल्या डग्लस वेसन यांनी स्वतः मोठी जनावरं मारून दाखवली आणि हातातल्या बंदुकीने शिकार होते ही गोष्ट लोकांच्या मनात भरवली. पण या छंदाचे खरे मूळपुरुष म्हणजे आयडाहो राज्यातले एल्मर कीथ. पेशाने गुरं पाळणारे, डोक्यावर भली मोठी टोपी, तोंडात चिरूट. हे गृहस्थ वर्षानुवर्षं घरीच .४४ स्पेशलची काडतुसं नेहमीपेक्षा जड भरून उडवत, त्यावर लेख लिहीत आणि कारखानदारांच्या मागे लागत. शेवटी १९५५च्या अखेरीस .४४ मॅग्नम आलं. पुढे १९७१च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटाने त्या रिव्हॉल्व्हरला असं काही वेड लावलं की ज्यांना हरणासाठी ते हवं होतं त्यांनाच दुकानात मिळेना. १९६७मध्ये थॉम्प्सन सेंटरचं ‘कंटेंडर’ आलं. हे एकबारी, एक खीळ काढली की नळी बदलता येते आणि नळीबरोबर काडतूसही. रायफलची काडतुसं पिस्तुलात आली ती या वाटेने.

एवढा इतिहास मला सांगितला तो लेकीच्या शेजाऱ्यांनी. कारखान्यात साचे बनवण्यात हयात गेलेला, सत्तरीला टेकलेला माणूस. हजाराव्या भागाच्या इंचात विचार करणारा. त्यांच्याकडे तरुणपणापासून एक उघड्या माशीचं .४४ रिव्हॉल्व्हर होतं. ‘उघड्या माशीचं’ म्हणजे नळीच्या टोकाला उभी माशी, मागे खाच, आणि दोन्ही जुळवून नेम धरायचा. त्यावर त्यांनी अनेक हरणं मारली होती, सगळी चाळीस पावलांच्या आतली.

मागल्या मोसमात मात्र विपरीत घडलं. संध्याकाळची वेळ, हरीण सत्तरएक यार्डांवर. चाप ओढला तेव्हा माशी त्यांना नीट दिसत नव्हती. गोळी लागली, पण मागे, पोटात. हरीण पळालं. कंदील घेऊन मध्यरात्रीपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शोधलं, सापडलं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, पण समोरचा कॉफीचा मग ते उगाच इकडून तिकडे सरकवत राहिले. पोटात लागलेलं हरीण लगेच मरत नाही. त्याला तास तास लागतात. त्यांच्या पत्नीचं मत होतं, आता ते रिव्हॉल्व्हर विकून टाका. त्यांचं स्वतःचं मत अजून बनायचं होतं.

यात दोष कोणाचा, तर वयाचा. उघड्या माशीने नेम धरायचा तर डोळ्याला एकाच वेळी तीन ठिकाणी पाहावं लागतं. खाच हाताच्या अंतरावर, माशी तिच्यापुढे वीतभर, आणि हरीण दूर रानात. तरुण डोळा या तिन्हींत झरझर फिरतो आणि आपण एकदमच सगळं पाहतो आहोत असा भास निर्माण करतो. चाळिशी लागली की ही लवचिकता जाते. माशी स्पष्ट करावी तर हरीण पुसट, हरीण स्पष्ट करावं तर माशीचा कापूस. दोन भिंगांचा चष्मा लावला तर मान कुठे ठेवायची हाच प्रश्न. आमच्याकडे खातेवहीतले आकडे आणि काउंटरपलीकडचा ग्राहक दोघांना पाहताना माझं असंच व्हायचं. फरक इतकाच की माझ्या चुकीने कोणी जखमी होऊन झाडीत जात नसे.

दुर्बिणीचा खरा उपयोग इथे आहे. लोकांना वाटतं, दुर्बीण म्हणजे दूरचं जवळ आणणं. तेही ती करते. पण म्हाताऱ्या डोळ्याला तिची देणगी वेगळीच असते: नेमाची फुली आणि हरीण ती एकाच पडद्यावर आणून ठेवते. डोळ्याने एकच गोष्ट पाहायची. शिवाय पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या मंद उजेडात, जेव्हा हरणं हिंडतात, काळी माशी काळ्या झाडीत बुडून जाते. फुली दिसत राहते.

आता ही दुर्बीण रायफलची चालत नाही. रायफलच्या दुर्बिणीला डोळा तीन-चार इंचांवर लागतो. पिस्तूल धरतात हात लांब करून. तिथून त्या दुर्बिणीत पाहिलं तर काळ्या वर्तुळाशिवाय काही दिसत नाही, आणि दिसावं म्हणून तोंडाजवळ आणली तर उडताना ती भुवई फोडते. पिस्तुलाच्या दुर्बिणीची भिंगं अशी घडवलेली असतात की फूट-दीड फूट अंतरावरूनही पूर्ण चित्र दिसावं. याची किंमत मोजावी लागते. दिसणारा पट्टा अरुंद होतो. आणि पट जितका जास्त तितका पट्टा आणखी अरुंद.

दुकानात आम्ही दोघे गेलो. मासेमारीचे गळ, थर्मास, लोकरीचे मोजे आणि पलीकडच्या भिंतीला बंदुका, असं ते दुकान. विकत घेणाऱ्याला सरकारी फॉर्म भरावा लागतो, त्याची पूर्वपीठिका तपासली जाते. पण रखवालदाराच्या दुनळीच्या परवान्यासाठी मी जे हेलपाटे घातले होते ते आठवून मला तो प्रकार फारच सुटसुटीत वाटला. असो. विक्रेता तरुण होता. त्याने आधी अडीच ते आठ पटींची दुर्बीण काढली. शेजाऱ्यांनी ती आठ पटींवर नेऊन पार्किंगमधल्या एका पाटीवर धरली आणि माझ्या हातात दिली. मी पाहिलं तर फुली पाटीवर ठरेना. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती उडी मारत होती. हाताचं थरथरणं दुर्बीण वाढवत नाही, फक्त दाखवते. पण आठपट मोठं करून दाखवते. माणूस मग घाबरतो, फुली मध्यावरून जाताना चाप पकडण्याचा प्रयत्न करतो आणि झटका देतो. मग दोन पटींची साधी, न बदलणारी दुर्बीण पाहिली. वजनाला दीडशे-दोनशे ग्रॅम. तिच्यातून पाटी फारशी मोठी दिसली नाही, पण फुली शांत होती आणि हात वर नेताक्षणी पाटी सापडत होती. रानात हरीण सापडायला वेळ लागला तर हरीण थांबत नाही.

बंदूक कोणती, हा दुसरा प्रश्न. विक्रेत्याचा आग्रह एकबारीचा होता. चौदा इंच नळी, रायफलचं काडतूस, दीडशे यार्ड सहज. आग्रहात तथ्य होतं. एकबारी पिस्तूल अचूक असतं यात वाद नाही. पण ओहायोचा कायदा पिस्तुलात सरळ भिंतीचंच काडतूस मागतो, .३५७पेक्षा कमी व्यासाचं नाही, आणि नळी निदान पाच इंच. ज्या काडतुसांमुळे एकबारीला दीडशे यार्डांची ख्याती मिळाली, ती मानेशी निमुळती होणारी. हरणासाठी तिथे ती बाद. सरळ भिंतीचं काडतूस घालायचं तर .४४च बरं, आणि .४४ तर त्यांच्याकडे होतंच.

फक्त त्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर दुर्बीण बसवायची तर त्याला भोकं पाडावी लागणार. साचे बनवणारा माणूस. भोकं पाडणं त्यांना जड नव्हतं, पण मन होईना. शेवटी त्यांनी रुगरचं ‘सुपर रेडहॉक’ घेतलं. १९८७ साली आलेलं हे मॉडेल दुर्बिणीसाठीच घडवलं आहे. सांगाडा पुढे लांब काढलेला आणि त्यातच दुर्बिणीच्या कड्यांसाठी खोबणी. साडेसात इंच नळी, दीड किलो वजन. एवढं वजन कमरेला वागवणं त्रासाचं, म्हणून दुर्बीणवाले लोक ते छातीवरच्या पट्ट्यात अडकवतात. पण उडवताना तेच वजन उपकारक ठरतं, कारण .४४चा धक्का मनगटातून कोपरापर्यंत जातो. त्या धक्क्याने हलकी कडी सैल होतात आणि स्वस्तातल्या दुर्बिणीच्या आतल्या तारा तुटतात. म्हणून बंदुकीत वाचवलेले पैसे दुर्बिणीत घालावेत, उलट नाही. सरावासाठी त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशलची मऊ काडतुसं चालतात. सत्तरीच्या मनगटाला ही मोठी सोय. याहून दांडगी काडतुसंही मिळतात, .४५४ कॅसुल आणि त्यापुढची. अस्वलासाठी ती ठीक. हरणासाठी ती घेणारा माणूस बहुधा पहिल्या सहा गोळ्यांनंतर डोळे मिटून चाप ओढायला शिकतो.

माझ्यातला बँकवाला जागा झाला तो पुढच्या भागात. गोळी किती दूर जाते, हे कोष्टकात छापलेलं असतं. .४४ची गोळी पन्नास यार्डांना नेम जुळवला तर शंभर यार्डांना साधारण चार इंच खाली लागते, दीडशेला फुटापेक्षा बरीच जास्त खाली. यावरून तरुण शिकारी आपलं अंतर ठरवतात. हे म्हणजे तारणाच्या किमतीवर कर्ज मंजूर करण्यासारखं. तारण कितीही भक्कम असो, हप्ता भरणार आहे तो माणूस. त्याची फेडण्याची ऐपत पाहिल्याशिवाय मी कधी सही केली नाही. शेजारीही त्याच मताचे निघाले. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते ती साधारण आठ इंच व्यासाची. म्हणून त्यांनी बाजारातून आठ इंची कागदी ताटल्या आणल्या, वाढदिवसाला केक खायला घेतात तशा, आणि चांदमारीच्या मैदानावर पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर यार्डांवर लावल्या. प्रत्येकीवर पाच गोळ्या. रानात बसतील तसंच जमिनीवर बसून, मनगटाखाली वाळूची पिशवी घेऊन. नळी मात्र कशावरही टेकायची नाही. टेकली तर उडताना उसळते. चाप ओढण्यापूर्वी घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवायचा, म्हणजे चाप हलका होतो. नुसत्या बोटाच्या जोरावर घोडा चढवत नेम धरणं हरणावर नाही.

कानांवर टोप्या चढवून मी मागे उभा होतो. तरीही प्रत्येक बार छातीत जाणवत होता.

आधी जुनं, उघड्या माशीचं. पंचवीसला पाचही ताटलीत. पन्नासला तीन. पुढे त्यांनी उडवलंच नाही. मग नवं, दुर्बिणीचं. पन्नासला पाच, पंचाहत्तरला पाच, शंभरला चार. मी अभिनंदन करायला पुढे झालो. ते ताटल्या गोळा करत होते. शंभराच्या ताटलीबाहेर, लाकडावर पडलेलं पाचवं भोक त्यांनी बोटाने दाखवलं आणि म्हणाले, ते न सापडलेलं हरीण इथे आहे. मर्यादा ठरली पंचाहत्तर.

दुर्बीण लावणं म्हणजे खेळातली लबाडी, असं म्हणणारा एक कडवा पंथ तिथे आहे. त्यांचं म्हणणं, पिस्तूल घ्यायचं ते अवघड असतं म्हणूनच. सोपं हवं असेल तर रायफल घ्या. मला हे कधी पटलं नाही. अवघडपणा माणसाने हौसेने पत्करायचा आणि त्याची किंमत हरणाने पोटात गोळी घेऊन भरायची, हा कुठला न्याय? अवघडच हवं असेल तर जवळ जावं. वारा ओळखून, पान न वाजवता, चाळीस पावलांवर जावं. ते अवघड शिकाऱ्याच्या वाट्याचं असतं. मला विचाराल तर मी चाळीस पावलांवर जाऊन हरीण पाहून परत येईन. पण ज्याला मारायचंच आहे त्याने डोळ्याला लागेल ती मदत घ्यावी, यात मला काही गैर दिसत नाही. मात्र त्या मदतीच्या जोरावर अंतर वाढवलं की पुन्हा तेच. दुर्बिणीमुळे जी पंचवीस पावलं मिळतात ती चूक टाळण्यात खर्च करायची की दूरच्या हरणावर, हे प्रत्येकजण आपापलं ठरवतो, आणि रानात ते तपासायला कोणी ऑडिटर येत नाही.

पिस्तुलाच्या गोळीचा एक स्वभाव इथे सांगायला हवा. ती रायफलच्या मानाने सावकाश जाते; तिच्या वेगाचा आघात जनावराला जागीच पाडत नाही. ती रुंद, आरपार भोक पाडते, बस्स. फुप्फुसातून गेली तरी हरीण पन्नास-शंभर यार्ड धावतं. म्हणून जाणते शिकारी गोळी लागल्यावर लगेच उठत नाहीत. अर्धा तास बसून राहतात, म्हणजे हरीण घाबरून आणखी दूर न जाता जवळच आडवं होतं. मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढायचा. नवशिक्यांना हा अर्धा तास फार जड जातो, असं ऐकलं.

ओहायोत बंदुकीचा मुख्य मोसम नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. मी त्याआधीच पुण्याला परतलो होतो. लेकीने फोनवर सांगितलं ते असं. सोमवारी पहाटे शेजारी आपल्या ठरलेल्या ओकच्या बुंध्याशी जाऊन बसले. आदल्या आठवड्यात त्यांनी तिथून पंचाहत्तर यार्डांवर एका झाडाच्या फांदीला नारिंगी फीत बांधून ठेवली होती. आठच्या सुमारास एक नर आला, चांगल्या शिंगांचा. फितीच्या पलीकडे, वीसएक पावलांवर, दहा मिनिटं उभा राहून शेंगा खात होता. दुर्बिणीत स्पष्ट दिसत होता, फुलीही ठरत होती. तो खाऊन निघून गेला. मंगळवार, बुधवार रिकामे गेले. गुरुवारी संध्याकाळी एक मादी चाळीसएक यार्डांवर आली. एक गोळी. शेजाऱ्यांनी घड्याळ लावून अर्धा तास काढला आणि मग कंदील घेऊन निघाले. ती साठ पावलांवर एका पडलेल्या झाडाच्या आडोशाला होती. त्यांनी पावलं मोजली होती.